सोमवारचा हिशोब

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की बेटिंग करणाऱ्या पोरांना शिस्त नाही, हरायला लागले की डोकं फिरतं त्यांचं. पत्र चांगलं होतं, पण लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी दहा रुपये पण लावले नसणार हे तिसऱ्या ओळीतच कळलं. मी लावलेत, म्हणून नाव न घालता माझंही छापा.

मी फोंड्याचा, वय ४६, छोटं दुकान आहे. २०२५ च्या आयपीएलला बाजारातल्याच एकाने बेटिंगची आयडी, म्हणजे मोबाईलवर पैसे लावायचं खातं, दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ह्यात आधी पैसे भरावे लागत नाहीत, तुम्हाला उधारीची लिमिट मिळते, आठवडाभर खेळा आणि सोमवारी हिशोब. मॅचमागे ५०० च्या वर जायचं नाही असं मी ठरवलेलं, वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलंय पण, खाली दोन रेघा मारून.

२८ मार्चला चेन्नईवर ५०० लावले, आरसीबीने हरवलं. मग म्हटलं आता तरी जिंकतील, हजार. राजस्थानने हरवलं. आता तरी, दोन हजार, दिल्लीने हरवलं. चार हजार, पंजाबने हरवलं. ११ एप्रिलला ऋतुराज जखमी म्हणून धोनी परत कॅप्टन झाला, मी म्हटलं आता काय प्रश्नच नाही, आठ हजार, आणि घरच्या चेपॉकवर ह्यांचे १०३ झाले, कोलकात्याने आरामात मारले. ओळीने पाच हार, चेन्नईचं एका सीझनमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं, ते नेमकं माझ्या वहीत व्हायचं होतं. १५,५०० गेले. १४ तारखेला लखनौविरुद्ध सोळा हजार लावायची छाती झाली नाही आणि त्या रात्री चेन्नई जिंकली. झोप नाही आली मला. मागाहून बसून बघितलं तर लावले असते तरी १.९० च्या भावाने, म्हणजे रुपयाला नव्वद पैसे नफा धरून, १४,४०० च सुटले असते, म्हणजे डबल करत जा, एक लागली की सगळं वसूल, हे जे सगळे सांगतात ते पण खोटं, बुकी आपला वाटा भावातच कापून बसलेला असतो.

पण हरताना मी निदान घाबरलेला तरी होतो हो. माझी वाट लागली ती जिंकताना. २० एप्रिलपासून आरसीबीवर ओळीने चार लागल्या, हजार, दोन हजार, तीन हजार, पाच हजार. त्यातली ३ मेची मॅच तर दोन रननी जिंकले, म्हणजे निव्वळ नशीब, पण मला वाटलं आपल्याला गेम कळायला लागला. दुकानात लोक विचारायचे, "पात्रांव, आज कोण?" आणि मी ऐटीत सांगायचो. त्या पैशातून घरी मिक्सर आणला, बायको पण खूश. हरताना चार जण थांब म्हणतात, जिंकताना कोण म्हणणार? २३ मेला हैदराबादविरुद्ध आरसीबीवर २०,००० लावले. ४२ रननी हरले.

पावसात धंदा नव्हता तेव्हा त्याच दहा बेट परत मांडल्या, भाव सगळीकडे १.९० आणि प्रत्येकी ५०० धरून. तोटा १,२००. माझा खरा तोटा २५,६००. टीम त्याच, निकाल तेच, अंदाज एक पण बदलला नाही.

आमचे मामा धिरयोला, म्हणजे आमच्या गोव्यातल्या बैल-रेड्यांच्या झुंजीला, पैसे लावायला जायचे. १९९६ मध्ये हायकोर्टाने बंदी घातली तरी शेतात कुठेतरी भरतातच, त्यात लपवण्यासारखं काय राहिलंय. ते शर्टाच्या खिशात मोजून नोटा घ्यायचे, बसभाडं वेगळं, खिसा रिकामा झाला की बांधावर बसून नुसते रेडे बघायचे. साधुसंत नव्हते, मटक्याचा आकडा रोजचा, पण रक्कम ठरलेली. मामांना केवढी शिस्त, असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, त्यांना उधार कोण देत नव्हता एवढंच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावायचे ऑनलाइन गेम कायद्याने बंद केले, बरं झालं, त्या जाहिराती तरी गेल्या. कसिनोत तर गोंयकारांना २०२० पासून कागदावर बंदीच आहे. पण मला आयडी देणारा मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटीवर नाही, तो माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून बसतो. दर आयपीएलला तुम्ही बातमी देता, किनारी भागात फ्लॅटवर छापा, इतके लॅपटॉप, इतके मोबाईल, बाहेरच्या राज्यातली पोरं ताब्यात. गावातल्या सोमवारच्या वसुलीवर एक ओळ नाही. तुमच्या वार्ताहरांना ती माहीत नसेल हे मला पटत नाही.

आता परत सीझन तोंडावर आलाय. परवा त्याचा मेसेज आला, तुम्ही पैसे वेळेवर फेडले म्हणून ह्या वेळी लिमिट वाढवून देतो. मी उत्तर दिलं नाही. नंबर पण ब्लॉक केलेला नाही, रोज सकाळी समोरून जातो तो, हात करतो.

कळावे,
एक वाचक, फोंडा