घरपट्टीच्या पावतीबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
८ मार्च २०२६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घरपट्टीच्या पावतीचा फोटो मिळाला. घडीची पावती पाटावर पसरून दोन्ही कडांना वाट्या ठेवल्यात, तेही दिसलं. घर माझ्या नावावर, पट्टीही मीच भरते, तेव्हा "तिकडच्या रिटर्नमध्ये दाखव" म्हणालात. पण बाबा, इथे ती चालत नाही. परदेशातल्या राहत्या घराच्या पट्टीची वजावट अमेरिकेने २०१८ पासून बंद केली आहे. घर भाड्याने दिलं असतं, तर भाड्यातून ती वजा करता आली असती. पण त्या घरात तुम्ही दोघं राहता, मला तेच हवंय.

इथल्या घराची पट्टी मात्र वजावटीत धरतात. ती वर्षाला साडेअकरा हजार डॉलर, त्यातला मोठा वाटा गावच्या शाळांना जातो. राज्याचा आयकर नऊ हजार. आधीच्या वर्षांत दोन्ही मिळून दहा हजारांच्या वर काहीच धरत नसत. २०२५ साठी ही मर्यादा चाळीस हजार झाली, म्हणून यंदा सगळे साडेवीस हजार धरले. त्यात गृहकर्जाचं व्याज तेरा हजार. बेरीज ३३,५००. नवराबायकोला पावत्यांशिवाय सरसकट मिळते ती वजावट ३१,५००. वरच्या दोन हजारांवर २२ टक्क्यांनी ४४० डॉलर वाचले. तुमच्यासारख्या पावत्या लावून ठेवायची सवय कामी आली.

एक जपावं लागतं. बँक हप्त्याबरोबर पट्टीचे पैसे दरमहा घेते, पण त्यातले तिने गावाला प्रत्यक्ष भरले तेवढेच धरायचे. सांडपाण्याचं बिल, केंद्राचा आयकर, पगारातून कापलेला सोशल सिक्युरिटीचा पैसा, यातलं काहीच धरत नाहीत.

आता तुमच्याकडे काम. माझ्या एनआरओ ठेवीच्या, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या तिकडच्या खात्यातल्या ठेवीच्या, व्याजावर तिकडे टीडीएस कापतात. ते व्याज मला इथेही दाखवावं लागतं, पण तिकडे भरलेला आयकर ठरलेल्या मर्यादेत इथल्या करातूनच वळता होतो. नुसत्या वजावटीपेक्षा त्यात जास्त फायदा. इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे बँकेकडून फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, घेताना २०२५ च्या जानेवारी-मार्चपासून ऑक्टोबर-डिसेंबरपर्यंत चारही तिमाहींचे मागा. मार्चअखेरीची गर्दी व्हायच्या आत जाऊन या, उन्हाचं सकाळीच. माझी रिटर्न भरायची मुदत १५ एप्रिल.

घरपट्टीची पावती फाइलला लावून ठेवा. आईला सा. न.

तुमची,
मनू