लग्नात बदललेलं नाव आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी जून-जुलैत तुमच्या अंकात प्रवेशाच्या अडचणींची पत्रं येतात. बहुतेक पालकांची असतात. हे पत्रही एका पालकाचंच आहे, पण अडचण पाल्याची नाही, माझी आहे. माझा मुलगा सोळा वर्षांचा, दहावीनंतर डिप्लोमाला गेला. मी एकोणचाळीस वर्षांची, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. दोघांचे प्रवेश एकाच पावसाळ्यात झाले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज एकाच मोबाइलवरून भरले. त्याचा चाळीस मिनिटांत झाला. माझा अजून चालू आहे.

आधी प्रवेशाचं सांगते, कारण तिथे तक्रार नाही. मी धनकवडीत राहते. नऊ वर्षं एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटल्या. मग एमएस-सीआयटी केलं, आणि आता संध्याकाळी चार ते नऊ एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे बिलं मीच करते, महिन्याचा हिशेबही मीच जुळवते, पण अकाउंटंटची जागा निघाली की पदवी विचारतात. सकाळी सव्वासातला भरणारं कॉमर्स कॉलेज बसच्या रस्त्यावर आहे. बारावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गेले. ऑनलाइन अर्जात जन्मतारखेचं कॅलेंडर एकेक महिना मागे न्यावं लागत होतं. १९८६ पर्यंत मागे जाता जाता बोट दुखायला लागलं. काउंटरवरच्या मुलीने ‘ताई, मुलीचं अॅडमिशन का?’ असं विचारलं, एवढंच. वयाची अट नाही म्हणाली आणि पावती फाडली. फी भिशीच्या पैशांतून भरली.

बारावी २००४ ची, प्रवेश २०२५ चा. मध्ये एकवीस वर्षांचा गॅप, म्हणून शपथपत्र मागितलं. ते करायला कोर्टाबाहेर टायपिस्टकडे गेले. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक लागत नाही, असं महसूल खात्याने २०२५ मध्येच जाहीर केलं होतं. मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, परत पाठवलं तर पुन्हा याल, रिस्क कशाला?’ पाचशेचा स्टॅम्प घेतला. मग विचारलं, गॅपचं कारण काय लिहू? मी सांगायला लागले. लग्न, मुलगा, सासऱ्यांचा अर्धांगवायू आणि त्यांची चार वर्षं, मग पोळ्या... तो टाइप करायचा थांबला आणि त्याने स्वतःच लिहिलं, ‘घरगुती कारणास्तव’. एकवीस वर्षं दोन शब्दांत बसली. असो, तो मजकूर चालला.

जो चालला नाही तो माझ्या नावाचा भाग. तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. आमच्याकडे लग्नात नवरीचं नुसतं आडनाव बदलत नसे, पहिलं नावही बदलत. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, मग ते सगळ्यांना वाचून दाखवतात, पेढे वाटतात. माझंही २००५ मध्ये असंच बदललं. माहेरचं तीन अक्षरी होतं, सासरी चार अक्षरी झालं. त्या वेळी मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, बँकेचं पासबुक सगळं त्या चार अक्षरांवर झालं. दहावी-बारावीचं गुणपत्रक मात्र माहेरच्या तीन अक्षरांचं, वडिलांच्या नावाचं, त्यांच्या आडनावाचं. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर त्यांच्यात सारखं काही असेल तर ती जन्मतारीख.

महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज केला, जिला कॉलेजात सगळे अजून ईबीसीच (आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत) म्हणतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आमची एक रिक्षा आणि माझा दवाखान्याचा पगार धरून आम्ही त्याच्या खूप खाली आहोत. आधारचा ओटीपी टाकला आणि सासरचं नाव आपोआप येऊन बसलं. खाली गुणपत्रक जोडलं माहेरच्या नावाचं. चौथ्या दिवशी अर्ज सेंट बॅक, म्हणजे परत. शेरा: ‘नावात तफावत’.

कॉलेजने प्रवेश गुणपत्रकावरून दिलेला, म्हणून हजेरीपटावर मी माहेरच्या नावाने आहे. पहिल्या दिवशी सरांनी नाव पुकारलं आणि मी गप्प. वीस वर्षांत त्या नावाने मला फक्त आई आणि भाऊ हाक मारतात, तीही फोनवर. सरांनी गैरहजेरी लावली. शेजारच्या मुलीने, जी मला काकू म्हणते, दुसऱ्या दिवशी कोपराने ढोसलं, तेव्हा ‘हजर’ म्हणाले.

क्लार्कने सांगितलं, विवाह प्रमाणपत्र आणा. आमचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. क्षेत्रीय कार्यालयात नोंदणीला लग्नाचा फोटो, पत्रिका आणि तीन साक्षीदार मागितले. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत सापडली. त्यावर ‘चि. सौ. कां.’ आणि माझं माहेरचं नाव. साक्षीदारांपैकी मामंजी आता नाहीत, म्हणून भोरहून चुलत दिरांना कामाचा दिवस मोडून बोलावलं. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर वधूचं नाव म्हणून माहेरचं नाव, वराचं नाव आमच्या ह्यांचं. क्लार्क म्हणाले, यावरून आडनाव कळतं हो, पण पहिलं नाव बदललं हे कुठे आहे? आणि खरंच, ते कुठेच नव्हतं. माझी दोन नावं जोडणारा एकच पुरावा होता, तांदळात लिहिलेला. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी शिजवले की डब्यात परत टाकले, आता त्यांनाही आठवत नाही.

म्हणून आता राजपत्र. नाव बदलल्याची जाहिरात महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून यायला हवी, तोवर अर्ज जागेवर. मला राजपत्राचा राग नाही. सरकारी पैसा कुणाच्याही खात्यात कसा टाकायचा, हे मलाही कळतं. राग याचा की, मी नाव बदललं आहे असं त्यात मला लिहून द्यावं लागलं. मी काही बदललं नव्हतं.

कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना हा घोळ सांगितला, तर त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुनाच. दोघींची नावं लग्नात बदलली. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. रमाबाईंनी १९०९ मध्ये इथे पुण्यात सेवासदन उभं केलं, लग्न झालेल्या, विधवा झालेल्या, शिकायच्या राहिलेल्या बायकांना शिकवायला. महाडीबीटी तेव्हा नव्हतं, हे दोघी यमुनांचं नशीब.

नावाचं निस्तरतं आहे तोवर दुसरा प्रश्न. अर्जात वडील हयात आहेत का, काय करतात, आई काय करते, असे रकाने आहेत. वडील हयात आहेत, सत्तरीतही स्वतः भात लावतात. पण उत्पन्नाचा दाखला कुणाचा जोडायचा? एकाने सांगितलं वडिलांचा, एकाने नवऱ्याचा, तिसऱ्याने दोघांचे आणून ठेवा, लागेल तो लावू. शिवाय या योजनेचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. माझ्या माहेरी मी आणि भाऊ. सासरच्या घरात माझा मुलगा आणि उद्या त्याची बहीण. मी नक्की कोणत्या घरातलं अपत्य? मुलगा म्हणाला, ‘आई, तू माझा नंबर खाऊ नकोस हं.’ घरात हसलो आम्ही. पण खिडकीवर हे विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही, आणि कुणी लिहून उत्तरही दिलं नाही. तोंडी उत्तरं मात्र भरपूर. प्रत्येक तोंडी उत्तरासाठी मी दवाखान्यात अर्धा दिवस कापून घेतला आहे.

याच सरकारकडे माझी दुसरी एक ओळख आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा अर्ज अंगणवाडीताईंनी माझ्या फोनवर एका दुपारी भरला. आधार सासरच्या नावाचं, बँक खातं सासरच्या नावाचं, महिन्याला पंधराशे रुपये त्या नावावर येतात. त्याबद्दल आभारच. शिष्यवृत्तीचे पैसेही आधारशी जोडलेल्या त्याच खात्यात यायचे आहेत. म्हणजे पैसे घेणारी बाई कोण, याबद्दल सरकारला शंका नाही. शंका आहे ती बारावी झालेली मुलगी कोण होती याची.

हे माझ्या एकटीचं रडगाणं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. भिशीतल्या दोघींनी माझं ऐकून बाहेरून शिकायचा विचार सोडून दिला. पण मला जास्त काळजी आत्ता माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलींची वाटते. नव्या शैक्षणिक धोरणात मध्येच शिक्षण सोडून पुन्हा यायची सोय आहे. एक वर्ष पुरं केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, तीन केली तर पदवी, आणि मिळवलेली क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, अकॅडमिक बँक नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. चांगलीच सोय आहे. पण एका वर्षानंतर कोण सोडेल? निदान काही मुली लग्नासाठी सोडतील, हे सांगायला अभ्यास करावा लागत नाही, मी सोडलं होतं. त्यांची क्रेडिट जमा होणार माहेरच्या नावावर. सहा-सात वर्षांनी मूल शाळेत घालून त्या परत येतील, तेव्हा आधारवर सासरचं नाव असेल. माझाच अकॅडमिक बँकेचा आयडी डिजिलॉकरमधून निघाला तो सासरच्या नावाचा आणि कॉलेजच्या यादीत माहेरचं, त्यामुळे तिथेही एक चक्कर झालीच. परत यायचं दार धोरणाने उघडं ठेवलं आहे, मग तिथे बाईला ‘तू कोण’ असं विचारणारा माणूस कशाला उभा करायचा?

उच्च शिक्षण विभागाकडे माझं मागणं फार मोठं नाही. अर्जात ‘विवाहापूर्वीचे नाव’ असा रकाना द्या. त्यापुढे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र एकदाच जोडून घ्या, आणि ते पुढच्या वर्षांच्या नूतनीकरणाला तसंच धरा, दर वर्षी नव्याने मागू नका. विवाहित अर्जदाराचं कुटुंब म्हणजे माहेर की सासर, कुणाच्या उत्पन्नाचा दाखला, दोन अपत्यांत तिला मोजायचं की नाही, हे एका परिपत्रकात लिहून प्रत्येक कॉलेजच्या फलकावर लावा. क्लार्कना दोष देऊन उपयोग नाही. आमच्या कॉलेजातले क्लार्क आता मला बघून स्वतःच खुर्ची सरकवतात, त्यांच्याही हातात काही नाही. वरून जे आलेलं नाही ते ते कुठून सांगणार?

मुलाच्या अर्जावर मंजुरीचा शेरा गेल्या आठवड्यात आला. त्याने लगेच मला स्क्रीन दाखवली. मग थोडा ओशाळला आणि फोन खिशात ठेवला. माझी पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आली आहे. हॉलतिकिटावर माहेरचं नाव असेल आणि सोबत ओळखपत्र म्हणून आधार न्यायचं आहे, तेव्हा राजपत्राची झेरॉक्सही बरोबर ठेवीन, तोवर आलं तर.

पत्र प्रसिद्ध केलंत तर नाव छापू नये, ही विनंती. छापायचंच म्हटलं तरी कोणतं, ते राजपत्र आल्यावर कळवते.

आपली,
एक वाचक, धनकवडी, पुणे