पार्किंगचे कॉलम आधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींना नोटिसा जातात आणि त्यांची चर्चा आपल्या दैनिकातूनही होते. या चर्चेत सहसा जुने वाडे आणि पेठांमधली मातीच्या भिंतींची घरे असतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या चर्चेत कधीच न येणाऱ्या इमारतींबद्दल लिहायचे आहे. १९८० ते २००० या काळात बांधलेली, रंग शाबूत असलेली, लिफ्ट चालू असलेली आणि खाली चहूबाजूंनी मोकळे पार्किंग व वर तीन-चार मजले अशा रचनेची अपार्टमेंट नागाळा पार्कपासून शाहूपुरीपर्यंत आपण रोज पाहतो. भूकंपात कोल्हापुरातील कोणती घरे आधी दगा देतील, असा प्रश्न विचारला तर वाड्यांइतकेच यांच्याकडेही बोट दाखवावे लागेल.

आमच्या अपार्टमेंटच्या वार्षिक सभेत हा विषय काढला तेव्हा ‘कोल्हापुरात कुठला आलाय भूकंप?’ असा सूर निघाला आणि सभा पुन्हा पाण्याच्या टाकीवर आली. या सुराला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ज्या कोयनेत भूकंप झाला, ती आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि गेल्या तीन दशकांत तिथले धक्के दक्षिणेकडे, म्हणजे वारणा जलाशयाच्या बाजूला, सरकलेले आहेत. दख्खनचे पठार भक्कम आहे असे तेव्हाही सांगितले जात होते. किल्लारीचा परिसर तर १९९३ च्या तिथल्या भूकंपापर्यंत देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. कोल्हापूर या नकाशात बराच काळ तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, गणले गेले आहे.

याच तिसऱ्या क्षेत्रात अहमदाबादही होते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा त्याचा केंद्रबिंदू अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून अधिक लांब होता, तरीही त्या शहरात अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे गेली. पडलेल्यांपैकी बऱ्याच इमारती आपल्यासारख्याच होत्या : खाली मोकळे पार्किंग, वर विटांच्या भिंतींनी भरलेले फ्लॅट. वरच्या मजल्यांना भिंतींमुळे ताठरपणा येतो, ते एकसंध ठोकळ्यासारखे हलतात, आणि इमारतीचे सगळे आडवे हेलकावे भिंती नसलेल्या तळमजल्यावर एकवटतात. तिथले कॉलम माथ्याशी आणि पायाशी फुटतात आणि वरचे मजले जवळजवळ अखंड अवस्थेत खाली बसतात. बारीक पायांच्या टेबलावर भरलेले कपाट ठेवून टेबल हलवावे, तसा हा प्रकार आहे.

यात प्रत्येक वेळी बिल्डरने चोरी केली असे समजण्याचे कारण नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे चर्चा लगेच त्या वळणावर जाते. भूकंपात कॉलम फुटला तरी त्याने भार सोडू नये, यासाठी उभ्या गजांभोवतीच्या रिंगा सांध्याजवळ दाट हव्यात, चार इंचांहून जास्त अंतर नको, आणि रिंगेची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. मात्र हे सांगणारे १९९३ चे भारतीय मानक तिसऱ्या क्षेत्रातील पाच मजल्यांपर्यंतच्या सर्वसाधारण निवासी इमारतींना त्या वेळी लागूच नव्हते. मोकळ्या तळमजल्याचे कॉलम हिशेबापेक्षा अडीचपट जोर धरून डिझाइन करावेत, ही तरतूदही २००२ च्या मानकात ठळकपणे आली. म्हणजे नव्वदच्या दशकातली, नियमाप्रमाणे बांधलेली, पूर्णत्वाचा दाखला असलेली इमारतही या बाबतीत अपुरी असू शकते. त्यात जिथे खरोखरच काटकसर झाली असेल, तिथली अवस्था वेगळी सांगायला नको.

कोल्हापूरची स्वतःची अशी एक अडचण यात भर घालते आणि तिच्याकडे मला सर्वाधिक लक्ष वेधायचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांत पंचगंगेचे पाणी ज्या भागांत शिरले, तिथल्या पार्किंगमध्ये ते दिवसेंदिवस उभे राहिले. आमच्याच इमारतीत मागच्या बाजूच्या एका कॉलमला जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत उभी चीर आहे, गिलाव्यावर टिचकी मारली तर तो पोकळ वाजतो, आणि कोपऱ्यावरचा पोपडा निघाला तेव्हा आतल्या रिंगेचे गंजलेले पापुद्रे हातात आले. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे गज फुगून बाहेरचे काँक्रीट सुटते आणि नंतरचे पाणी थेट गजापर्यंत पोचते. भूकंपात ज्या जागेवर सर्वाधिक ताण येणार, नेमकी तीच जागा पुराच्या पाण्याने कुरतडलेली आहे. यावर आमच्या काही सभासदांनी सुचवलेला उपाय म्हणजे कॉलमना कमरेएवढ्या उंचीपर्यंत टाइल्स बसवणे. चीर दिसेनाशी होईल, एवढाच त्याचा उपयोग.

पूर आणि भूकंप यांच्या गरजा इथे एकमेकींच्या विरोधात जातात. पूररेषेच्या पट्ट्यात राहायचे तर इमारत खांबांवर उचलून खालून पाणी वाहू द्या, असे पूर सांगतो. खालचे खांब उघडे सोडू नका, असे भूकंप सांगतो. तळमजला सगळीकडून भिंतींनी बंद करणे हा म्हणूनच आपल्यासाठी उपाय नाही, आणि त्यात गाड्याही लागणार नाहीत. पण कॉलमभोवती नव्या गजांचे व काँक्रीटचे जॅकेट चढवणे, निवडक गाळ्यांमध्ये (दोन कॉलममधल्या जागेत) पायापासून काँक्रीटची भिंत उभी करणे किंवा दोन कॉलमच्या मध्ये पोलादी तिरके आधार देणे, या पद्धती आता आपल्या अभियंत्यांना अपरिचित नाहीत. अशा भिंती इमारतीच्या दोन्ही दिशांना हव्यात, तोल सांभाळून हव्यात, आणि पाण्याला वाट राहील इतक्या मोजक्या हव्यात. हे ठरवण्यासाठी हिशेब करावा लागतो, तो मिस्त्रीच्या अंदाजाने होत नाही. भरवस्तीतील इमारतीला याचा मोठा फायदा असा की बहुतेक काम पार्किंगमध्ये होते आणि वरच्या कुटुंबांना घर सोडावे लागेलच असे नाही. जुन्या काँक्रीटच्या इमारतींची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी व मजबुतीकरण कसे करावे, याचे स्वतंत्र भारतीय मानक २०१३ पासून उपलब्ध आहे.

‘त्यापेक्षा पाडून नवीनच बांधू’ हे ऐकायला बरे वाटते. मुंबई-पुण्यात जागेचे भाव पुनर्विकासाचा खर्च उचलतात, आपल्याकडे अनेक ठिकाणी ते गणित बसत नाही, आणि निळ्या पूररेषेच्या (वारंवार पुराखाली जाणाऱ्या पट्ट्याच्या हद्दीच्या) आत तर नव्या बांधकामावरच निर्बंध आहेत. बिल्डर मिळण्याची वाट पाहत अशा इमारती आणखी वीस वर्षे तशाच उभ्या राहतील, हे उघड दिसते.

कायद्यात पाया आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. परंतु जे ऑडिट अहवाल माझ्या पाहण्यात आले, त्यांत हॅमर चाचणीचे (काँक्रीटचा कठीणपणा पाहण्याच्या चाचणीचे) आकडे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, संडास-बाथरूमची गळती आणि शेवटी ‘दुरुस्तीनंतर वापरास योग्य’ एवढेच होते. इमारत आपले वजन उभे पेलते की नाही, इतकेच त्यात तपासले जाते. ती आडवी हलली तर काय होईल, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. महापालिकेने या अहवालाच्या नमुन्यातच मोकळ्या तळमजल्याचा वेगळा भाग ठेवावा : पार्किंगमध्ये भिंती किती व कोणत्या दिशांना, रिंगांचे अंतर किती (ते यंत्राने, तोडफोड न करता कळते), पुराचे पाणी कधी व किती उंच आले, पायाजवळच्या गजांना गंज किती. सुरुवात सगळ्या शहरापासून करण्याची गरज नाही. पूरपट्ट्यातील, २००२ पूर्वीच्या, मोकळ्या पार्किंगच्या इमारती आधी घ्याव्यात.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरी गाडी तिथेच अडते. वरच्या मजल्यावरच्या सभासदाला खालचा कॉलम आपला वाटत नाही, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा मालक सभेला येत नाही, आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) अनेक ठिकाणी नावापुरता असतो. लॉस एंजेलिसमध्ये १९९४ च्या भूकंपात खाली पार्किंग असलेल्या एका अपार्टमेंटमध्ये १६ जण दगावले. अशा जुन्या इमारती मजबूत करण्याची सक्ती करायला त्या शहरालाही २०१५ उजाडले, आणि तेव्हा खर्चाचा भार मालक व भाडेकरू यांच्यात वाटून देण्याची सोय करावी लागली. त्यांच्या त्या इमारती लाकडी सांगाड्याच्या, आपल्या काँक्रीटच्या, त्यामुळे तिथले काम जसेच्या तसे इथे चालणार नाही. पण नुसती सक्ती केली आणि खर्चाचे काहीच ठरवले नाही तर नोटिसा फायलीत राहतात, एवढे त्यावरून समजते. मजबुतीकरण पूर्ण करणाऱ्या इमारतीला काही वर्षे घरफाळ्यात सूट, कामाच्या परवानगीचे शुल्क माफ, आणि जिल्ह्यातील सहकारी बँकांकडून अपार्टमेंट संघटनेच्या नावे दीर्घ मुदतीचे कर्ज, एवढे झाले तरी सभांमधला सूर बदलेल असे मला वाटते. सहकाराची एवढी परंपरा असलेल्या जिल्ह्यात उसाला, म्हशीला आणि ट्रॅक्टरला कर्ज मिळते, मग पार्किंगच्या कॉलमला का मिळू नये?

शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून अशा इमारतींची प्राथमिक पाहणी करून घेतली, तर निदान यादी तरी तयार होईल. ही यादी पुढच्या पावसाळ्यापूर्वीच्या नोटिशींच्या आधी महापालिकेच्या हाती असावी आणि नोटिशीसोबत जाणाऱ्या ऑडिटच्या नमुन्यात वर सांगितलेला भाग छापलेला असावा, अशी आपल्या दैनिकामार्फत आयुक्तांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक सदनिकाधारक, कोल्हापूर