लिफ्टमध्ये भेटलीस म्हणून

अगं चौथ्या मजल्यावरच्या मुली,

तुझं नाव इथे लिहीत नाहीये. तूच म्हणालीस ना, "काकू प्लीज नाव नका टाकू, नाहीतर अख्खी ऐरोली आपापले लॅपटॉप घेऊन दारात उभी राहील", आणि ते खरंच आहे, परवाच सेक्रेटरींनी मला विचारलं ती पोरगी प्रिंटर पण बघते का. तर नाव नाही. पण आभार मात्र जाहीर मानणार, कारण घरी येऊन मानले की तू "काय काकू, एवढं काय त्यात" म्हणून निसटतेस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी घरूनच डीटीपीची कामं करते, सतरा वर्षं झाली. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, भजनी मंडळाच्या पुस्तिका, कुणाचं थीसिस. सगळं एकाच कॉम्प्युटरवर, आणि त्यातही सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे स्क्रीनवरचा फोटो दिसतच नाही इतके फोल्डर. आणि सध्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कळव्याच्या एका काकांच्या आठवणींचं पुस्तक. काका १९६६ साली वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून लागले, तिथपासूनचं सगळं लिहिलंय, आणि ते पुस्तक त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला वाटायचंय. दोन प्रुफं कागदावर झाली, तिसऱ्या वेळेस काका स्वतः माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि तोंडी दुरुस्त्या सांगत गेले, दोन दिवस, म्हणजे त्या दुरुस्त्या कागदावर कुठेच नाहीत, फक्त त्या डबड्यात.

आणि गेल्या महिन्यात एका मंगळवारी ते डबडं चालू व्हायचं थांबलं.

निळा स्क्रीन, मग ऑटोमॅटिक रिपेअर, मग रीस्टार्ट, मग परत तेच. मी काय केलं असेल, तर सात-आठ वेळा बंद-चालू केलं, देवाचं नाव घेत. मग पुण्याच्या भाच्याला फोन, त्याने काळ्या खिडकीत काहीतरी टाईप करायला लावून चेकडिस्क चालू करून दिलं, ते अकरा टक्क्यांवर जाऊन तासभर तिथेच बसलं. फॅमिली ग्रुपवर एकाने लिहिलं हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, त्याच्या मित्राची चालू झाली होती. आता लाज वाटते सांगायला, पण मी फ्रीजरमध्ये कोथिंबिरीच्या वड्यांशेजारी जागा करून ठेवली होती!

बुधवारी सीपीयू रिक्षात घालून ठाण्याला एका दुकानात नेला. त्या माणसाने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला विंडोज टेन कंपनीने बंद केलंय ना मॅडम, म्हणून होतंय, फॉरमॅट मारून इलेव्हन टाकून देतो. म्हटलं डेटा? तर म्हणाला डी ड्राइव्हला ठेवलाय का, नाही, मग गेला समजा, लॅबला पाठवायचं तर पंचवीस हजार आणि गॅरंटी नाही. घरी आले, रात्रभर झोप नाही, आणि सकाळी ठरवलं की जाऊ दे, मारू दे फॉरमॅट, काकांना काहीतरी कारण सांगू.

तर गुरुवारी सकाळी पावणेआठला मी सीपीयू ओढत लिफ्टमधून बाहेर काढतेय आणि तू महापेच्या डेटा सेंटरमधून नाईट करून येत होतीस, डोळे लाल, गळ्यात आयडी तसाच. मला वाटलं हसून वर जाशील. तू विचारलंस काय झालं, मी सांगायला लागले आणि फॉरमॅट शब्द ऐकल्यावर तू हात आडवा घातलास. "काकू, वर चला. आणि याला आता अजिबात चालू करायचं नाही."

खरं सांगू का, तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी करू नका म्हणालं होतं. बाकी सगळे हे करून बघ ते करून बघ.

फॉरमॅट मारून वर नवीन विंडोज टाकलं की जुन्या फायलींच्या जागेवर नवं लिहिलं जातं, आणि एकदा ते झालं की मग लॅबवालाही काढून देऊ शकत नाही, हे तू मला पायऱ्यांवर बसून सांगितलंस. चेकडिस्क पण तसंच, ते डिस्क वाचवायला नसतं, फायलींचा हिशोब जुळवायला असतं, आणि आजारी डिस्कवर हिशोब जुळवताना ते तिच्यावरच खोडतं-लिहितं. फ्रीजरचं ऐकून तर तू कपाळालाच हात लावलास. बाहेर काढल्यावर आत दव धरतं म्हणालीस, आणि डिस्कचं हेड तबकडीच्या वर फक्त काही नॅनोमीटरवरून फिरत असतं, तिथे पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर. आणि विंडोज टेनचं दुकानदार सांगत होता ते पण अर्धवटच, १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला म्हणजे अपडेट यायचे थांबले, कॉम्प्युटर चालायचा नाही थांबत.

मग घरी येऊन तू एकदाच चालू केलास, कान लावून. मला म्हणालीस टक टक टक असा ठराविक आवाज आला तर मी लगेच प्लग काढणार, मग ते आपलं काम नाही, मग ते धूळविरहित खोलीत उघडणाऱ्यांचं काम आणि मग खरंच पंचवीस हजार. आवाज नव्हता. फिरत होती, फक्त रेंगाळत होती. विंडोजच्या आधी येतो त्या बायॉसच्या स्क्रीनवर डिस्कचं नाव पण दिसलं. तेव्हा तू म्हणालीस चान्स आहे, आणि मी पटकन गॅस बंद करायला आत गेले, खरं तर डोळे पुसायला.

पुढचं मी जेवढं समजले तेवढं लिहिते, चुकलं तर सांग. तू तुझ्या लॅपटॉपवर एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, तयार केलंस, तो पेनड्राइव्ह लावून चालू करताना एफ १२ दाबत राहिलीस आणि माझा मेलेला कॉम्प्युटर चक्क उघडला, हिरवट वेगळाच स्क्रीन, पण माऊस हलतोय! मला तर वाटलं झालं काम. फोल्डर उघड आणि ओढ बाहेर, एवढंच ना. तू नाही म्हणालीस. डिस्कची तब्येत दाखवणारी एक यादी असते ती उघडून दाखवलीस, त्यात पेंडिंग सेक्टर म्हणून आकडा शून्य असायला हवा तो तीनशेच्या वर होता. म्हणजे तेवढ्या जागा डिस्कला स्वतःलाच वाचता येत नाहीयेत, आणि आपण एकेक फाईल ओढत बसलो तर त्या जागांवर अडकून अडकून ती आणखी खराब होईल. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, मग जे काय शोधायचं ते नकलेत.

त्यासाठी मी दोन टीबीची नवी डिस्क आणली आणि तू डीडीरेस्क्यू लावलंस. या प्रोग्रॅमबद्दल मला इतकं प्रेम वाटतंय की काय सांगू. भात करपल्यावर आपण काय करतो, आधी वरचा मोकळा भात काढून घेतो, टोप हलवत नाही, आणि सगळा चांगला भात ताटात आला की मग खालचं खरवडतो, खरवडताना थोडी खरपुडी आली तर आली. हा प्रोग्रॅम डिट्टो तसंच करतो. जिथे वाचता येतंय ते आधी, अडलं की सोडून पुढे, आणि सगळ्यात शेवटी त्या अडलेल्या जागांवर परत परत येतो. दुपारपर्यंत बराचसा भात निघाला होता आणि मग रात्रभर खरवड.

रात्री सव्वाअकराला लाईट गेली. माझा यूपीएस कधीचाच मेलाय. मी जिन्याने धावत वर आले तर तू दार उघडून म्हणालीस काही नाही होत काकू, झोपा. कारण कुठपर्यंत वाचून झालं याची नोंद तो प्रोग्रॅम एका फाईलमध्ये ठेवत असतो, आणि ती फाईल तू मुद्दाम नव्या डिस्कवर ठेवली होतीस, पेनड्राइव्हवरचं लिनक्स रॅममध्ये चालतं म्हणे, तिथे ठेवली असती तर लाईट गेल्यावर सगळं विसरलं असतं. लाईट आल्यावर तीच कमांड परत दिलीस आणि जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे. मला हे असं आधीच सुचणं फार ग्रेट वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी ९९.९ टक्क्यांच्या वर. जुनी डिस्क काढून तू माझ्या हातात दिलीस आणि आता हिला कुणीही हात लावायचा नाही म्हणालीस. नकलेतली विंडोज उघडताना पण ते कटकट करत होतं, म्हणे विंडोज नीट बंदच झालेलं नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपलेलं आहे, म्हणून तू फक्त वाचण्यापुरतं उघडलंस. आणि माझे सगळे फोल्डर, त्याच वेड्यावाकड्या नावांनी, 'नवीन', 'नवीन नवीन', 'फायनल', 'हे खरं फायनल'. तू हसलीस तेव्हा.

मग काकांची फाईल उघडली आणि तुझा चेहरा पडला. स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले ए आणि ओ, कंस, टिंबं. तू हळूच म्हणालीस, "काकू, ही करप्ट झालीय वाटतं. सॉरी." दोन दिवसांत पहिल्यांदा तुझा आवाज थकलेला ऐकला. आणि मी जोरात हसले, तुला वाटलं असेल काकू गेल्या कामातून. अगं ते करप्ट नाही, ते श्रीलिपी आहे! युनिकोडच्या आधीचं टायपिंग, फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर हे असलं. आम्ही डीटीपीवाले हे रोज बघतो, कुणी ईमेलने मजकूर पाठवला की असाच येतो. तुला माहीत नव्हतं कारण तू मोबाईलवर मराठी लिहायला लागलीस तोवर आमचा जमाना संपत आलेला. पण माझी सीडी तर कधीच हरवलेली, तर फॉन्ट आणायचे कुठून हे मात्र मला सुचेना, आणि तुला लगेच सुचलं. नकलेतल्या विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स म्हणून फोल्डर, त्यात माझे सगळे फॉन्ट तसेच्या तसे बसलेले. तू डबल क्लिक करून टाकलेस आणि फाईल परत उघडली.

पहिलीच ओळ आली, काका वागळे इस्टेटच्या गेटवर उभे आहेत आणि खिशात परतीचे पैसे नाहीत. आपण दोघी ते पहिलं प्रकरण तिथेच बसून वाचत बसलो, चहा गार झाला, आठवतंय?

सगळंच आलं असं नाही. गणपतीतला एक व्हिडिओ अर्ध्यात थांबतो, आरती संपून प्रसाद मिळायच्या आत. घणसोलीच्या एका लग्नपत्रिकेची कोरलची, म्हणजे आमच्या डिझाईनच्या प्रोग्रॅमची, फाईल उघडेना, पण तिच्या शेजारी कोरलने आपणहून ठेवलेली 'बॅकअप ऑफ' नावाची फाईल होती, आदल्या वेळची, ती उघडली. या फायली मी सतरा वर्षं कचरा म्हणून डिलीट करत आले, ही एकच राहून गेली होती बहुतेक.

तू सुरुवातीलाच विचारलं होतंस बिटलॉकर आहे का, मला तो शब्दच नवीन, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. माझ्या जुन्या असेंबल्ड मशीनवर नव्हतं म्हणून निभावलं, पण नव्या लॅपटॉपवर बरेचदा आपोआप चालू असतं आणि मग ती ४८ आकडी किल्ली नसेल तर पेनड्राइव्ह आणि लिनक्स काही उपयोगाचं नाही, हे ऐकून मी त्याच रात्री मुलाच्या लॅपटॉपची किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून शोधून दुधाच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवली. मुलगा हसतोय. हसू दे.

एक गोष्ट मात्र मला अजून कळत नाही. मी तुला म्हटलं तुमच्या डेटा सेंटरमध्ये अशी डिस्क गेली तर किती धावपळ होत असेल, तर तू म्हणालीस छे, रोज कुठली ना कुठली जातेच, काढायची, नवीन लावायची, डेटा दुसरीकडे असतोच. म्हणजे जिथे हजारो डिस्क आहेत तिथे कुणाला फरक पडत नाही, आणि माझ्या एका डिस्कसाठी तू आठवड्याची सुट्टी घालवलीस. पैसे घेतले नाहीस. अळूवड्या घेतल्यास, त्या पण निम्म्या परत पाठवल्यास डब्यात, असं करायचं नसतं.

आता नवीन एसएसडी बसवलीय, एक कॉपी घरी, एक चरईला बहिणीकडे. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्या आठवड्यात त्यांचे रोज फोन यायचे आणि मी रोज सांगायचे कागद यायचाय. काका, हे वाचत असाल तर रागावू नका, तुमचं पुस्तक कुठे कुठे फिरून आलंय ते आत्ता कळलं असेल.

काल त्यांचा परत फोन आला. पान ४१ वर मी 'मशीन' केलंय तिथे 'लेथ' हवंय, तोंडी सांगितलं होतं म्हणे, आणि खरंच सांगितलं होतं, चूक माझीच. बदललं, सेव्ह केलं, नव्या डिस्कवर कॉपी केली, वायर काढली आणि डिस्क कपाटात साड्यांच्या मागे ठेवली.

शनिवारी ये, डबा रिकामा घेऊन ये.

तुझी,
पहिल्या मजल्यावरची काकू