पोटावर पडू नकोस

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोस्तानं पाठवलेली तुझी कुस्ती मोबाइलवर पाहिली. थांबवून थांबवून पाहिली. फोनवर तू एवढंच म्हणालास, "आबा, मातीत असतो तर घातला असता त्याला." खरं आहे. मातीत पंधराव्या मिनिटाला त्याचा दम निघाला असता आणि तू ढाक हा डाव लावून त्याला आस्मान दाखवलं असतंस. पैज लावायला मी तयार आहे. पण ती कुस्ती झालीच नाही. झाली ती गादीवरची, म्हणजे मॅटवरची, आणि ती दोन मिनिटांच्या आत 10-0 अशी संपली. तेव्हा तिच्याबद्दलच बोलू.

तुला वाटतंय तो ताकदीनं भारी पडला. मला तसं दिसलं नाही. पहिला मिनिट तू खडाखडीतच घालवलास. मनगट धर, मान ओढ, अंदाज घे. गावच्या मैदानात ते बरोबर, तिथं घड्याळाकडं कोण बघतो? इथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. तुझा अंदाज घेऊन होईस्तोवर त्यानं एकेरी पट काढला, तुझा एक पाय धरून तुला खाली घेतलं. ताबा मिळाला, दोन गुण. इथवर काहीच बिघडलं नव्हतं.

पुढं तू काय केलंस ते बघ. पोटावर आडवा झालास. मान आत, हात पसरलेले. आपल्या मातीत हीच तुझी ढाल. चीत झाल्याशिवाय कुस्ती जात नाही, म्हणून खालचा गडी पोटावर पडून राहतो. वरचा घिस्सा लावतो, कस्सा घालतो, घामाघूम होतो, लोक ओरडतात, हलगीवाला हात मोकळे करतो, आणि त्याची पकड जरा सैल झाली की तू उठतोस. निम्म्या कुस्त्या तू अशाच काढल्यास. गादीवर मात्र पाठ टेकायची गरज नाही, ती नुसती गादीकडं फिरली तरी दोन गुण गेले. त्यानं कमरेला मिठी मारून भारंदाज मारला, म्हणजे तसंच धरून तुला गादीवर फिरवलं. सोडलं नाही, तसाच परत मारला. चार वेळा. आठ आणि पटाचे दोन, दहा. तिथंच कुस्ती संपली. शिट्टी झाली तेव्हा तू पंचाकडं असा बघत होतास, जणू कुस्ती अजून सुरूच व्हायची आहे.

म्हणजे मोडायची आहे ती एक सवय. तुझा पट, तुझी ढाक, तुझा दम, सगळं जागेवर आहे. फक्त दम कामाला यायचा तर कुस्ती सहा मिनिटं चालली पाहिजे.

मी गादीवर कधी उतरलो नाही, तेव्हा इथं बसून वस्तादगिरी करणार नाही. पण मला कळतं तेवढं सांगतो, पटलं नाही तर कोच सरांना विचार. खाली गेलास की पहिलं काम, त्याचे हात तुझ्या कमरेभोवती बांधले जाता कामा नयेत. बोटं सोडव, कोपर बरगडीला चिकटव, कंबर गादीत दाब, जमेल तसा गुडघ्यावर ये. रोजची मेहनत झाली की जोडीदाराला वर घे आणि त्याला भारंदाजच मारायला सांग. तू फक्त टिकून राहायचं. जोडीदार तुझ्यापेक्षा हलका असला तरी लाज धरू नकोस. हलके गडी फिरवण्यात जास्त चलाख असतात. गावात तुझ्याशी लढत करायला माणूस मिळत नव्हता. तिथं कोल्हापूरला तुला लोळवणारे रोज भेटतात, हे तर बरंच झालं की.

खाशाबा जाधवांचं नाव काढलं की तू मान फिरवतोस, ठाऊक आहे. पण लोक तुला हेलसिंकीचं कांस्य सांगतात, मला लंडनचं सांगायचंय. 1948 साल. गोळेश्वरच्या मातीतला हा गडी गादीवर पहिल्यांदा लढला तो थेट ऑलिंपिकला. सहावा आला. पदक मिळालं 1952 ला, चार वर्षांनी. तू कोल्हापूरला जाऊन अजून एक दिवाळी झालेली नाही! आणि राजाराम कॉलेजात असताना, अंगानं किरकोळ दिसतो म्हणून त्यांना कॉलेजच्या स्पर्धेत आधी घ्यायलाच तयार नव्हते म्हणतात, प्राचार्यांनी परवानगी दिली तेव्हा ते उतरले. पुढं हेलसिंकीच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले.

हेलसिंकीचीही एक गोष्ट आहे, ती मात्र नीट ऐक. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती झाली आणि त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या पैलवानासमोर उभं केलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो सांगायला आपला कुणी अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. म्हणून म्हणतो, नियम तोंडपाठ कर. झोनबाहेर, म्हणजे गादीवरच्या गोलाबाहेर, पाय गेला की एक गुण जातो. पंचानं निष्क्रिय ठरवलं की तीस सेकंदांत गुण घ्यायचा, नाही तर समोरच्याला एक. हे सगळं कोच सर बाहेरून ओरडतील, पण त्या गोंगाटात तुला काय ऐकू येणार?

आता वजनाचं. 74 किलोचा गट सोडून 70 किलोच्या गटात उतरायचं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं माहीत नाही, पण ते काढून टाक. तुझं अंग अजून भरतंय. वजन होतं त्याच दिवशी सकाळी, मग सुकवलेल्या अंगानं दिवसभर काय लढणार? पॅरिसला 2024 मध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली, तेव्हा अख्खा गाव टीव्हीपुढं हळहळला. अमन सेहरावतनं तिथंच एका रात्रीत 4.6 किलो उतरवून कांस्य लढलं आणि जिंकलं, हेही खरं. पण त्याच्या मागं रात्रभर जागणारी माणसं होती. तुझ्यामागं हॉस्टेलची मेस आहे. तुझी आई तर हे ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच तुला उपाशी ठेवलंय.

जत्रेची कमिटी येऊन गेली. तुझ्यासाठी तोलामोलाची जोड बघून ठेवलीय, इनामही बरं आहे. मी नाही म्हणून सांगितलं. चिडू नकोस. माती वाईट असं मी कसं म्हणेन, तिच्यावरच तर मी वाढलो. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी वेगवेगळी लढतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात, तेव्हा माती कुठं पळून जात नाही. पण महिनाभर खपून तू पोटावर पडायची सवय मोडणार आणि जत्रेत एका दुपारी ती परत लावून घेणार. त्यात गुडघा गेला तर विद्यापीठाची निवड चाचणी गेलीच. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत त्या मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या पदकावर. जत्रेतल्या फेट्यावर कुणी ऑर्डर काढत नाही. जत्रेला ये, पालखीला खांदा दे, मटण खा, लंगोट मात्र तिकडंच ठेवून ये.

हजेरीचं बघ. सकाळच्या मेहनतीनंतर पहिल्या तासाला झोपतोस, असं कानावर आलंय.

कुस्तीच्या बुटांचे पैसे खात्यावर टाकलेत. कुणाचे तरी उसने घालून लढलास, ते बुटांवरून कळलंच मला, टाच सुटत होती. रविवारी मामा कोल्हापूरला येतोय, त्याच्याबरोबर तूप आणि बदाम देतोय. डबा रिकामा झाला की त्याच्याकडंच परत दे. मागचे दोन स्टीलचे डबे अजून तुझ्याकडंच आहेत आणि तुझी आई रोज मलाच विचारते.

तुझा,
आबा