म्हैसूरचं ते दिव्याचं चित्र

चि. सोन्या,

प्रदर्शनासाठी तू करतोयस ती चित्रं व्हॉट्सॲपवर बघितली. न्याय, हाव, स्वातंत्र्य, आणि प्रत्येकाखाली अर्धं पान माहिती! बाबा म्हणाले, पोरगं चित्रकार होतंय की कीर्तनकार.

मागच्या आठवड्यात म्हैसूरला जगनमोहन पॅलेसच्या गॅलरीत गेलो होतो. तिथे रविवर्म्याचं ते अकरा बायकांचं मोठं चित्र आहे ना, वेगवेगळ्या प्रांतांतल्या, कुणाच्या हातात वीणा कुणाच्या आणखी काही, म्हणजे सगळे मिळून एक देश असा अर्थ. साड्या, दागिने काय रंगवलेत, पण खरं सांगू, लग्नातल्या ग्रुप फोटोसारख्या बसल्यात सगळ्या, एकमेकींकडे लक्षच नाही कुणाचं.

आणि मग ते आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं. नाव ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशाच, पण नाव वाचायच्या आधीच मी थांबले होते. बाई उभी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या फटींतून तो लालसर उजेड, बोटांच्या कडा तर अक्षरशः पेटल्यासारख्या दिसतात. तोच उजेड वर चेहऱ्यावर, आणि साडीवर येईपर्यंत विरलेला. आणि हे सगळं वॉटरकलरमध्ये, १९४५-४६ सालचं! तुला माहितीच आहे, त्यात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद, एकदा रंग गडद झाला की खेळ खलास, ऑइलसारखं वरून सारवता येत नाही.

चित्रासाठी समोर त्यांची मुलगीच उभी राहिली होती, गीता. पुढे गीताबाई उपळेकर म्हणून कोल्हापुरात राहायच्या, २०१८ मध्ये गेल्या, १०२ वर्षांच्या होत्या. एवढं असून आमच्या शेजारी एक जण बायकोला ठासून सांगत होता, हे पण रविवर्म्याचंच. मला राहवलं नाही, हळदणकर म्हणून सांगितलंच मी, बाबा कोपराने ढोसत होते.

तर ती माहितीची पानं काढून टाक बघू एकदा. तुझ्या ‘हाव’मधला तो भरल्या ताटावर हात ठेवून दुसऱ्याच्या ताटात बघणारा माणूस मला न वाचता कळला, ‘न्याय’ मात्र वाचूनही नाही कळला. त्यात तराजू आहे, डोळ्यांवर पट्टी आहे, पुस्तक आहे, साखळी आहे, अरे किती!

बेंगलोरहून सकाळच्या ट्रेनने जाऊन ये एकदा. दसऱ्यात नको, चेंगरून जाशील.

आई