वकीलपत्रावर सही कर

चि. महेश यास,
अनेक आशीर्वाद.

परवा भेटीत तू म्हणालास, "अण्णा, वावर विकू नका. माझं झालं तेवढं बास." आणि सुप्रीम कोर्टात जाण्यासाठीचं वकीलपत्र कोरंच परत दिलंस. घरी येईपर्यंत मी गाडीत कुणाशी बोललो नाही.

वावर कुणी विकत नाही. तुरुंगात असलेल्याला, त्याची मिळकत न बघता, फुकट वकील मिळतो. 1987 च्या कायद्यातच तसं आहे. सुप्रीम कोर्टाची विधी सेवा समिती त्यासाठीच आहे. तालुक्याच्या कोर्टात जाऊन विचारून आलो.

खोटी आशा लावत नाही. हायकोर्टात गेलो ते हक्काने. खालच्या कोर्टात सुटून तुला हायकोर्टात जन्मठेप लागली असती, तर पुढे सुप्रीम कोर्टातही हक्काचं अपील होतं. आपल्याला दोन्हीकडे शिक्षाच. म्हणून घटनेच्या कलम 136 खाली आधी अपिलाची परवानगी मागायची. काही मिनिटांत ऐकतात, आणि बरेच अर्ज तिथेच फेटाळतात.

तरी मागायची, ती त्या बांधासाठी. साक्षीदाराच्या जबानीत आहे, "आरोपी क्र. 4 बांधावर उभा होता." मराठी कागद इंग्रजी करून लावावे लागतात, आणि भाषांतर करणाऱ्याने तिथे 'डॅम' लिहिलंय! आपल्या शिवारात कुठलं धरण? हायकोर्टाच्या पेपरबुकातही, म्हणजे खटल्याच्या कागदांच्या गठ्ठ्यातही, तसंच गेलेलं, मला आत्ता दिसलं. डिक्शनरी घेऊन बसलो तेव्हा.

तू तिथे नव्हतास असं मी कधीच म्हटलं नाही. होतास. पण मारामारी विहिरीपाशी झाली आणि तू बांधावर. दंड संहितेचं कलम 34, म्हणजे सगळ्यांचा इरादा एकच, असं लावून चौघांना एका मापाने मोजलं. नुसतं उभं राहणं म्हणजे सामील होणं का, एवढंच विचारायचंय.

मुदत 90 दिवसांची, त्यातले 52 गेले. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात, पण त्यावर विसंबू नको. निकालानंतर तू आपणहून हजर झालास ते बरं केलंस. बाहेर राहिलेल्याचा अर्ज हजर झाल्याच्या दाखल्याशिवाय, नाहीतर कोर्टाने सूट दिल्याशिवाय, बोर्डावरच, म्हणजे सुनावणीच्या यादीतच, येत नाही म्हणे.

नवं वकीलपत्र सोबत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे, जेलच्या साहेबांच्या समोर सही कर आणि शिक्का मारून घे. आई विचारते, खोकला गेला का. सोमवारी येतो, कागद तयार ठेव.

तुझा,
अण्णा